वॉटर्लू, मुक्काम धुळे

नेपोलियनचा पराभव कुठे झाला असं मला कुणी विचारलं, तर मी धुळे म्हणून सांगतो. गल्लीसुद्धा सांगू शकतो, पण सांगणार नाही. तिथे अजून आमची सासरची माणसं राहतात. इतकं ठामपणे बोलण्याचा मला अधिकार आहे, कारण त्या लढाईत नेपोलियन मीच होतो.

हे सत्तरच्या दशकातलं. मी जळगावला जिल्हा परिषदेत कारकून होतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत काम करायचो. आवाज मोठा, मिशी खरी, त्यामुळे नाटकात सेनापती असला की तो माझ्याकडेच. दिवसभर साहेबांपुढे मान खाली आणि रात्री स्टेजवर 'मुजरा नको, मुंडकं आणा!' असा माझा दिनक्रम होता.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धुळ्याला गेली होती. मुलगी झाली. बारसं थाटात झालं. मी जळगावात मेहरूण तलावाच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पाळणा आणला, आढ्याला टांगला आणि वाट बघत बसलो. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून मला तो हलवताही येत नव्हता. नुसतं बघायचं. शेजारचे आबा रोज दारावरून जाताना विचारायचे, "आली का?" मी म्हणायचो, "येत्या रविवारी." आबा म्हणायचे, "मागच्या रविवारी पण हेच म्हटला होतात." नाटकात असं वाक्य कुणी मला टाकलं असतं तर मी तलवार उपसली असती.

आता अडचण सांगतो. सासरी एक रीत होती. बाळाला सम महिन्यात घराबाहेर न्यायचं नाही. म्हणजे तिसरा महिना संपायच्या आत नेलं तर नेलं, नाहीतर चौथा भरेपर्यंत थांबायचं आणि पाचव्यात न्यायचं. तिसरा महिना चालू होता. माझ्या हातात मोजके शनिवार-रविवार होते.

आणि समोर होते नाना. नाना म्हणजे माझे सासरे. धुळ्याच्या कोर्टात दिवाणी वकील. खटला जिंकण्याबद्दल त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं नाव होतं तारीख मिळवण्याबद्दल. समोरचा पक्ष कागदपत्रं, साक्षीदार, सगळं बांधून कोर्टात आला की नाना उठून इतक्या नम्रपणे पुढची तारीख मागायचे की न देणाऱ्याला पाप लागेल असं वाटावं. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन घरांचा एक खटला त्यांनी इतका लांबवला, की तोवर एका घरची मुलगी दुसऱ्या घरात सून म्हणून गेली आणि बांध नांगरून टाकला गेला. हा आपल्या वकिलीतला सर्वांत मोठा विजय, असं नाना सांगत.

त्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांनी कोर्टात जाणं जवळपास बंद केलं होतं. मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, अमेरिकेत शिकायला गेला होता आणि तिथेच राहील अशी चिन्हं दिसत होती. त्यानं गावी येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर नानांसाठी एक खोकं पाठवलं. अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं मिठाई असेल. निघाली लढाई.

खोक्यात घडीचा मोठा नकाशा होता. त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं छापलेली. टेकडी, शेतवाडी, ओढे, रस्ते. पुठ्ठ्याचे नखाएवढे चौकोनी तुकडे, निळे फ्रेंचांचे, तांबडे इंग्रजांचे, काळे प्रशियाचे. प्रत्येकावर ताकदीचे आकडे. एक फासा. आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक. नानांनी त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि लाल पेन्सिलीनं खुणा करत ते कायद्यासारखं वाचून काढलं.

शनिवारी दुपारी मी जळगावहून एसटीनं पोहोचलो तेव्हा नकाशा मोठ्या पाटावर पसरलेला होता.

"या जावईबुवा," नाना म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. हा घ्या, नेपोलियन तुम्ही."

"नाना, तुम्ही वडीलधारे. नेपोलियन तुम्ही घ्या."

"छे! घरात जावई असताना सासऱ्यानं सम्राट व्हायचं? लोक काय म्हणतील?"

मी कबूल करतो, मला गुदगुल्या झाल्या. सेनापतीची मला सवय होती, बढती पहिल्यांदाच मिळत होती. मी मांडी घालून बसलो, मिशीवरून हात फिरवला आणि नियम समजावून घेतले. नेपोलियननं टेकडीवरच्या इंग्रजांना हुसकावून लावायचं. पण त्याच्याकडे वेळ थोडा. संध्याकाळच्या सुमाराला उजव्या बाजूनं प्रशियाची फौज येते. ती पोहोचली की नेपोलियन संपला.

"म्हणजे मला हल्ला करावाच लागत नाही?" नानांनी चष्म्यावरून विचारलं.

"नाही नाना. तुम्ही फक्त टेकडी सोडायची नाही. प्रशियावाले येईपर्यंत थांबायचं."

नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू उमटलं, ते मी विसरणार नाही. "अहो," ते म्हणाले, "मग ही दिवाणी लढाई आहे!"

मी तेव्हाच उठून जळगावची गाडी धरायला हवी होती. पण मी विचारलं, "नाना, मी हिला न्यायला आलोय. कधी निघायचं ठरवू या?"

"न्या की. तुमचीच बायको, तुमचीच मुलगी. एवढी एक लढाई होऊ द्या, मग खुशाल न्या."

मी फासा उचलला. तिथेच मी अडकलो.

पहिली अडचण शरमेची. सासऱ्यावर हल्ला कसा करायचा? मी म्हणायचो, "नाना, तुमची हरकत नसेल तर तुमच्या डाव्या बगलेवर जरा चालून येऊ का?" नाना म्हणायचे, "या, या, घर तुमचंच आहे." आणि मग लाल खूण केलेलं पान उघडायचे. आदल्या रात्री पाऊस झालेला आहे. रणांगणावर चिखल आहे. चिखलात तोफा हलत नाहीत, घोडदळ निम्म्यानं चालतं. मे महिन्यात, धुळ्याच्या उन्हात, घामानं निथळत मी त्या बेल्जियमच्या चिखलात रुतून बसलो होतो.

दुसरी अडचण पंख्याची. टेबलफॅन लावला की पुठ्ठ्याचे तुकडे उडायचे. म्हणून लढाई चालू असताना पंखा बंद. एकदा अक्का आतून आल्या, आम्हाला घाम पुसताना पाहिलं आणि मायेनं पंख्याचं बटण दाबलं. क्षणात माझं सगळं घोडदळ कॉटखाली, नानांची पायदळ फौज कोनाड्यात, आणि प्रशियाचा एक तुकडा थेट माझ्या चहात.

"अगं, पंखा!" नाना ओरडले.

अक्का कमरेवर हात ठेवून नकाशाकडे बघत उभ्या राहिल्या. त्या बोलताना घरचीच अहिराणी बोलत. "हाई काय खेळ शे? इतला मानसं मरी ऱ्हायनात, आन कुनी बी पानी मांगत नही! उठा, जेवाले चला, बठ्ठं थंडं व्हई ऱ्हायनं."

ही तिसरी अडचण, आणि हीच सर्वांत भयंकर. जेवण. जावई आला म्हणून खापरावरचे मांडे, रुमालासारखे मऊ, आणि वाडगाभर आमरस. वर फौजदारी डाळ, तिखटजाळ. सासरा दिवाणी आणि डाळ फौजदारी, दोन्हीकडून माझी कोंडी. जेवून परत पटावर बसलो की डोळे मिटायला लागायचे. नाना हळूच म्हणायचे, "पडा थोडं. आपल्याला कुठे घाई आहे?" मी पडायचो. उठायचो तेव्हा गाडीची वेळ झालेली.

पहिल्या रविवारी संध्याकाळी मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "नाना, लढाई राहू द्या. हिला तयार व्हायला सांगा."

नानांनी दुखावल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "जावईबुवा, तुम्हाला आम्ही कधी अर्ध्या ताटावरून उठवलंय?"

"नाही."

"मग अर्ध्या लढाईवरून कसं उठवू? तुम्ही असे अर्धवट डावावरून लेकीला घेऊन गेलात, तर गल्लीत म्हणतील, जावई रुसून गेला." मग त्यांनी कोर्टातला तो नम्र आवाज काढला. "पुढच्या शनिवारची तारीख घेऊ. तोवर पट जैसे थे."

आणि त्यांनी पाट अलगद कॉटखाली सरकवला, वर भांड्यांवर घालायचं जाळीचं झाकण ठेवलं.

आमच्याकडे जावई म्हणजे देव, आणि देवाला स्वतःचं असं काही करताच येत नाही. बसवतील तिथे बसायचं, दाखवतील तो नैवेद्य खायचा. मी एकटा एसटीत बसलो. मांडीवर अक्कांनी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि मला दर थांब्यावर एकेक चांगली चाल सुचत गेली.

असे शनिवार गेले. मी जळगावला ऑफिसात टिपणी लिहिता लिहिता समासात षटकोन काढायला लागलो. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "शौचालयांचा नवा नमुना." ते म्हणाले, "बरं." पण प्रत्यक्ष पटावर गेलं की एक हल्ला, एक हरकत, एक आमरस, एक झोप, एक तारीख. टेकडी तिथल्या तिथे. मुलगी मात्र वाढत होती. एका शनिवारी गेलो तेव्हा ती माझ्या मिशीकडे बघून रडली. पुढच्या शनिवारी हसली. मधल्या आठवड्यात तिला हसू यायला लागलं होतं आणि तेव्हा मी जिल्हा परिषदेत होतो.

मी बायकोला मागच्या दारी गाठलं. ती दुपटी वाळत घालत होती.

"तू काहीतरी बोल ना नानांशी," मी म्हटलं.

"मी काय बोलू?"

"यायचंय ना तुला?"

"तुम्ही जिंका की लवकर," ती म्हणाली आणि दुपटं झटकलं. पाण्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले. मला वाटलं, बिचारी माझ्यासारखीच अडकली आहे. स्टेजवर इतकी वर्षं काढून मला समोरच्याचं वाक्य ऐकू येत होतं, त्यातला सूर नाही.

तिसऱ्या महिन्याचा शेवटचा रविवार आला. सोमवारपासून चौथा. त्या दिवशी मी ठरवून एकच मांडा खाल्ला. अक्कांनी कपाळाला हात लावला. रस नको म्हटलं तेव्हा त्यांनी मला ताप आहे का ते पाहिलं. मी तरतरीत पटावर बसलो आणि जोरात हल्ला केला. 'माफ करा नाना' सुद्धा म्हटलं नाही. फासा पडला एक. पुन्हा टाकला, पुन्हा एक. माझी सगळ्यात भारी पलटण उचलून नानांनी हळुवारपणे खोक्यात ठेवली, जशी पंगतीतली उष्टी पत्रावळ उचलावी तशी.

"आता चहा घेऊ," नाना म्हणाले.

मी फासा पाटावर आपटला. "नाना, मला जमत नाही. हिलाच बसवा माझ्या जागी!"

हे मी त्राग्यानं बोललो होतो. पण बायको दारातच उभी होती, मुलगी नुकतीच झोपली होती. ती आली, पदर खोचला आणि माझ्या जागेवर बसली. मला म्हणाली, "सरका."

"तुला नियम येतात?" मी विचारलं.

"गेले कितीतरी शनिवार आतल्या खोलीतून दुसरं काय ऐकतेय मी?"

नाना हसले. "लहानपणी सारीपाटात हरली की रडायची."

"तुम्ही एकदासुद्धा जिंकू दिलं नाहीत, म्हणून रडायचे," ती म्हणाली आणि फासा उचलला.

त्यानंतर जे झालं ते मी श्वास रोखून पाहिलं. तिला कसली शरम? बापाशी खेळत होती. ती 'येऊ का' विचारत नव्हती. नानांनी चिखलाचं पान उघडलं तर म्हणाली, "नाना, दुपार झाली, चिखल वाळला. खालची ओळ वाचा." नानांनी वाचली. खरंच तसं होतं. मी इतके शनिवार वाळलेल्या चिखलात रुतलो होतो! नाना चहा मागवायला गेले तर म्हणाली, "चहा इथेच येईल." तिनं डावीकडे खोटा हल्ला केला, नानांनी माणसं तिकडे हलवली आणि तिनं मधली फळी फोडली. तांबडे तुकडे एकामागून एक खोक्यात. मी मागे उभा राहून मुठी आवळत होतो. अक्कासुद्धा पोळपाट घेऊन दाराशी येऊन बसल्या.

आणि मग टेकडी उघडी पडली. शेजारच्याच घरात आमचं घोडदळ. मधे कुणी नाही. तुकडा बोटानं पुढे सरकवायचा की टेकडी आमची. फासासुद्धा टाकायचा नव्हता. गाडीला वेळ होता. मी मनातल्या मनात सामान बांधलं, पाळण्याची दोरी ओढली.

बायकोनं तुकड्यावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं. नानांनी चष्मा काढला होता. ते धोतराच्या सोग्यानं काचा पुसत होते. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या, तरी पुसत होते. चष्म्याशिवाय ते मला एकदम म्हातारे दिसले.

बोटाखालचा तुकडा हलला. मागे. ओढ्याच्या अलीकडे.

"घोडे दमलेत," ती म्हणाली. "पाणी पाजते."

इतका आवाज, इतकी मिशी, आणि मी मनात बांधलेलं सामान परत सोडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला यायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या क्षणी तिला उठायचं नव्हतं, एवढं मला दिसलं. नानांनी चष्मा घातला, पटाकडे पाहिलं, आणि काळे तुकडे उजव्या कडेवर एकेक मांडले. प्रशियावाले आले होते.

"म्हणजे तारीख मिळाली," नाना म्हणाले. पण तो कोर्टातला आवाज नव्हता.

अक्का उठून पोळ्या लाटायला गेल्या. आत मुलगी जागी झाली आणि बायको तिला घ्यायला गेली.

जावयाला पोहोचवायला नाना कधी स्टँडवर येत नसत, गुडघे होते. त्या दिवशी आले. काठी टेकत, माझी पिशवी स्वतःच्या हातात घेऊन, मी तीनदा मागितली तरी दिली नाही. मी गाडीत बसल्यावर ते खिडकीशी उभे राहिले.

"तो घोडदळाचा तुकडा," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलात."

"पाहिला, नाना."

"मग हरकत का नाही घेतलीत?"

"कुणाविरुद्ध घेऊ?"

शेजारचा केळीवाला खिडक्यांवर टोपली आपटत ओरडत होता. कंडक्टरनं घंटी मारली.

"पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी या," नाना म्हणाले. "तारीख मागणार नाही."

तो चौथा महिना मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही, हाच त्याचा त्रास होता. आबा विचारायचे, "आली का?" आणि मी म्हणायचो, "चिखल आहे."

ठरल्या दिवशी पहिल्या गाडीनं धुळ्याला पोहोचलो. वाटेत मी मनात उत्तरं तयार करत होतो. नाना काय काढतील? चहा काढतील, गुडघे काढतील, वार काढतील. ओट्यावर पोहोचलो तर ट्रंक, बादली, दुपट्यांचं गाठोडं, सगळं बांधून ठेवलेलं. टांगेवाला सांगून ठेवलेला. दार उघडं होतं. आत पाट मांडलेला, त्यावर निळे, तांबडे, काळे तुकडे आपापल्या जागी, आणि नाना एकटेच फासा हलवत बसलेले.

मी सवयीनं चपला काढून समोर बसायला गेलो.

"बसू नका," नाना मान वर न करता म्हणाले. "उशीर होईल. आता दोन्ही बाजूंचं वकीलपत्र माझ्याकडे आहे."

मी उभाच राहिलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना. बायको मुलीला घेऊन बाहेर आली, वाकून नमस्कार केला. नानांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, मग मुलीच्या डोक्यावर ठेवला, उजव्या हातात फासा तसाच होता. "नीट जा," म्हणाले. "पारोळ्याला गाडी थांबते तेव्हा तिला ऊन लागू देऊ नका."

आम्ही टांग्यात बसलो. आमच्याकडे लेक वळणाआड जाईपर्यंत माणसं दारात उभी राहतात. अक्का उभ्या होत्या. नाना उठले, काठी न घेता दारापर्यंत आले, टांग्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही फळ्या ओढून दार आतून लावून घेतलं.

बायको बघत राहिली. मी अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी पदर तोंडाशी धरला. "वारा येस ना," त्या म्हणाल्या. "त्या पुठ्ठा उडी जातीन."